पांढऱ्या पट्टीएवढी फट

रत्नागिरीत खोली बघायला गेले तेव्हा घरमालकांनी मला नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, लग्न झालंय का तेही विचारलं नाही. त्यांची नजर होती माझ्या पिशवीतून डोकावणाऱ्या पातेल्यावर. त्यांनी ते सरळ काढून घेतलं, पालथं केलं, बुडावरून बोट फिरवलं आणि काळं झालेलं बोट माझ्या नाकासमोर धरलं.

"हे कुठलं?"

"आईचं आहे," मी म्हटलं. "सांगलीकडचं."

"आईंना खोकला आहे?"

"आहे थोडा."

"थोडा नसणार," असं म्हणून त्यांनी पातेलं परत दिलं आणि खोलीची किल्ली आणायला आत गेले. मला वाटलं, हा माणूस एक तर ज्योतिषी आहे नाहीतर चक्रम आहे. तेवढ्यात आतून बाईचा आवाज आला, "अहो, त्यांना आधी पाणी तरी द्या! भांडी मग तपासा." त्या वाक्याच्या शेवटी बाई खोकल्या, आणि बराच वेळ खोकत राहिल्या.

मी तेव्हा नवी नवी शाळामास्तरीण होऊन कोकणात आले होते. घरमालकांनी, म्हणजे काकांनी, मला पहिल्या दिवसापासून 'मास्तरीणबाई' केलं, आणि रागावले की 'घाटावरच्या'. त्यांचं राहतं घर शहरापासून जरा आत, एका वाडीत होतं आणि त्याच घरात वरच्या मजल्यावर माझी खोली. उभा जन्म कचेरीत कारकुनी करून ते निवृत्त झाले होते, पण ती कारकुनी त्यांच्या अंगाला कुठे लागलेली दिसायची नाही. त्यांचा खरा जीव पेट्यांमध्ये. पेटी म्हणजे बाजाची पेटी, हार्मोनियम. जिल्ह्यातल्या भजनी मंडळांच्या बिघडलेल्या पेट्या त्यांच्या पडवीत येऊन पडलेल्या असायच्या, आणि काका त्यांना गावाच्या नावाने ओळखायचे. "खेड आज बरी आहे, पण बुरोंडीच्या भात्याला उंदीर लागलाय हो," असं ते सकाळी चहा पिताना सांगायचे. पाव्हण्यांना वाटायचं, घरात कुणीतरी आजारी आहे.

पेटीबद्दल त्यांचं एकच तत्त्वज्ञान होतं. हवेला सरळ रस्ता द्या, हवा तुमचं काम करते. सूर बसला असेल तर सूर बघू नका, हवा कुठे गळते ते बघा. पूर्वी म्हणे अशा गळक्या पेटीला ते 'दमेकरी' म्हणायचे. काकूंना दम्याचं दुखणं लागल्यापासून तो शब्द त्यांनी तोंडातून काढून टाकला होता. हे मला काकूंनीच सांगितलं, आणि सांगताना त्या हसल्या.

काकूंचं दुखणं धुराचं. लग्न होऊन आल्यापासून चुलीपुढे बसलेल्या. घरात गॅस आला तरी भात, पेज आणि आंघोळीचं पाणी चुलीवरच, कारण घरामागच्या परड्यात झावळ्या, नारळाची सोडणं आणि काटक्या पडलेल्या असताना गॅस जाळणं म्हणजे त्यांच्या मते पाप. शेवटी डॉक्टरांनी दम दिला की धुराजवळ फिरकलात तर पुन्हा माझ्याकडे येऊ नका. तेव्हा काकांनी घरातली चूल कुदळीने फोडली. काकूंनी त्यांना ते कधी माफ केलं नाही. "डॉक्टरने धूर बंद करा म्हटलंन्, ह्यांनी चूल बंद केलंनी," असं त्या येईल त्याला ऐकवायच्या. काका मान खाली घालून पेटीचे स्क्रू फिरवत बसायचे.

पण घरातल्या चुलीचं दुःख वरवरचं होतं. खरं दुःख वाडीच्या पूजेचं होतं, आणि ते मला पहिल्याच वर्षी दिसलं.

वाडीत दरवर्षी सत्यनारायणाची सार्वजनिक पूजा असते. मुंबईचे चाकरमानी येतात, देवळासमोर मांडव पडतो, दुपारी सगळी वाडी एका पंगतीला जेवते आणि संध्याकाळी भजन. बाकी सगळं पुरुष शिजवतात, पण भाताचं हंडं बायकांचं. देवळामागे तीन चिऱ्यांवर ते भलंमोठं हंडं चढतं, आणि हंड्यापुढच्या पाटावर जी बाई बसते तिच्या शब्दाबाहेर कुणी जात नाही. ती म्हणेल तेव्हा तांदूळ वैरायचे, ती म्हणेल तेव्हा उतरायचं. त्या पाटावर काकू वर्षानुवर्षं बसत आल्या होत्या. मी पाहिलं तेव्हा त्या दूर फणसाखाली प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसल्या होत्या, नाकाला पदर लावून. मंडळाच्या पोरांनी मोठ्या आदराने ती खुर्ची आणून दिली होती. येणारे-जाणारे वाकून नमस्कार करत होते.

"बघितलंस ना गो?" त्या मला हळूच म्हणाल्या. "माझ्याच वाडीत मला खुर्ची दिलंनी. पाव्हणी झाल्ये मी."

त्या वर्षी भाताला खालून करप लागली. काकूंनी एक घास खाल्ला आणि पान बाजूला सारलं. मला वाटलं भात आवडला नाही. तसं नव्हतं.

त्या काळात त्यांची आणखी एक सवय झाली होती. कैऱ्या उतरल्या, लोणचं घालायचं म्हटलं की त्या म्हणायच्या, "थोडंच घाला. पुढच्या वर्षी खायला कोण असेल ते कोण जाणे." हे ऐकलं की काका हातातलं काम टाकून उठायचे आणि परड्यात निघून जायचे. परत यायचे ते काहीतरी नवा बेत घेऊनच.

असाच एक बेत म्हणजे बिनधुराची चूल. मुंबईच्या पुतण्याने त्यांच्या मोबाइलवर कुठल्याशा परदेशी माणसाचा व्हिडिओ पाठवला होता. रॉकेट चूल. खालून आडवं तोंड, त्यात बारीक काटक्या घालायच्या, आत उभं नळकांडं. जाळ त्या नळकांड्यात वर चढतो, चढताना बाहेरची हवा आपणच ओढून घेतो आणि धूर वर पोचायच्या आधीच जळून जातो. काकांनी तो व्हिडिओ इतक्या मोठ्या आवाजात आणि इतक्या वेळा पाहिला की मला वरच्या खोलीत तो पाठ झाला.

"नाव बघा काय ठेवलंनी! रॉकेट! भात शिजवायचा आहे की चंद्रावर पाठवायचा आहे?" असं म्हणत ते कामाला लागले.

पहिली चूल त्यांनी बांधली जांभ्याच्या चिऱ्यांची. इथे घर चिऱ्यांचं, विहीर चिऱ्यांची, परड्याच्या कुंपणाचा गडगा चिऱ्यांचा, देवसुद्धा चिऱ्यांच्या देवळात. मग चूल दुसऱ्या कशाची बांधणार? चार दिवस खपून त्यांनी चिरे आतून कोरले आणि असं देखणं काम केलं की गवंडी बघायला आले. मग वर पाण्याचं भांडं ठेवलं आणि जाळ घातला. आम्ही बसलो. बसून बसून माझी शाळेची वेळ झाली. पाणी कोमट. संध्याकाळी परत आले तर चूल विझलेली, भांडं गार आणि चिरे मात्र चटका बसेल असे तापलेले. जाळाची सगळी ऊब पाण्याऐवजी दगडाने पिऊन टाकली होती. थंडीचे दिवस होते. घरातलं मांजर त्या चुलीवर अंगाची वळकटी करून झोपलं होतं.

"मांजराची छान सोय केलंत हो," काकू पडवीतून म्हणाल्या.

काकांना पाणी न तापल्याचं एवढं वाईट वाटलं नाही, जेवढं जांभ्याने दगा दिल्याचं वाटलं. दोन दिवस ते गडग्याकडेसुद्धा रागाने बघत होते.

दुसरी चूल पत्र्याची. तिला त्यांनी एका भंगार पेटीचा भाता जोडला आणि भाता मारायला मला बसवलं. जाळ असा उसळला की वरची झावळी होरपळली. काका नाचायचे बाकी राहिले. पण माझा हात थांबला की जाळ बसायचा. दुसऱ्या दिवशी खांदा इतका दुखत होता की मला फळ्यावर खडू धरवेना. मी चिडून म्हटलं, "काका, ही चूल आहे की तुमची पेटी? हिला सारखा वारा घालायचा असेल तर मला पगार द्या!"

काकांनी घराकडे बघितलं. घरात काकू झोपल्या होत्या. उशाशी त्यांचं तोंडातून ओढायचं औषध होतं आणि त्यांच्या श्वासाची शिट्टी बाहेर ऐकू येत होती. काकांनी भात्याचे खिळे उपटायला सुरुवात केली. "हिने आपला आपण श्वास घ्यायला हवा," ते म्हणाले. ते चुलीबद्दलच बोलत होते असं मी अजूनही छातीठोक सांगू शकत नाही.

मग त्यांना हलक्या विटेचं वेड लागलं. जड दगड ऊब पितो, तर मग आतून पोकळ, हलकं काहीतरी हवं. भातगिरणीतून त्यांनी तुसाची पोती आणली. भाताचं तूस मातीत कालवायचं, विटा पाडायच्या आणि भाजायच्या. भट्टीत तूस जळून जातं आणि त्याच्या जागी बारीक बारीक पोकळ्या राहतात. विचार उत्तम होता, फक्त काका हावरे. विटा जास्तीत जास्त हलक्या व्हाव्यात म्हणून त्यांनी तूस इतकं घातलं की पहिल्या विटा उचलताच हातात भुगा झाल्या. दुसऱ्याही झाल्या. तिसऱ्या वेळी ते माती कालवत असताना काकू घरापुढच्या खळ्यात येऊन उभ्या राहिल्या.

"हे कालवणं म्हणायचं? पीठ मळून मुरायला ठेवतात की नाही? ती माती आज भिजत घाला, उद्या मळा, मग घाला तूस. आणि एवढं नको. सरा, सरा, मी दाखवत्ये."

आणि त्या बसल्या. धूर नव्हता, त्यामुळे काकांना त्यांना उठवता येईना. त्या दिवशी मी काकूंना पहिल्यांदा खोकल्याशिवाय तासभर भांडताना ऐकलं. त्या मातीच्या विटा भाजून निघाल्या तेव्हा काकांनी एक वीट उचलून मागीलदारच्या हौदात टाकली. वीट तरंगली. काकांनी मला हाक मारली, शेजाऱ्यांना हाक मारली, रस्त्याने चाललेल्या पोस्टमनला थांबवलं. आम्ही सगळे हौदाभोवती उभं राहून वीट तरंगताना बघत होतो. पोस्टमन म्हणाला, "छान आहे," आणि हळूच सटकला.

त्या विटांची चूल पेटली तेव्हा ती बोलली. हे मी काव्यात सांगत नाही. खरंच आतून एक घुमणारा, दमदार आवाज यायला लागला. धूर पहिल्या क्षणी आला तेवढाच. काका चुलीला कान लावायला गेले आणि मिशीचं टोक जाळून घेतलं. मग धावत पडवीत गेले, बुरोंडीची पेटी पुढ्यात ओढली आणि एकेक पट्टी दाबत ओरडले, "काळी दोन! काळी दोनमध्ये बोलतेय!"

"पांढरी तीन," काकू आतून म्हणाल्या. त्यावरून दोघांचं रात्रीच्या जेवणापर्यंत वाजलं. मी घाटावरची, मला त्यातलं काही कळत नाही असं दोघांनीही एकमताने ठरवलं.

घरात पेज पुन्हा लाकडावर शिजायला लागली. काकू चुलीपुढे बसायच्या आणि त्यांना काही होत नव्हतं. मला वाटलं, झालं, जिंकलो. काका पातेल्याच्या बुडावरून बोट फिरवायचे आणि ते स्वच्छ बोट वाडीत घरोघर दाखवून यायचे. पण एकदा काकू शांतपणे म्हणाल्या, "दोघांच्या पेजेला काय हो, पणतीसुद्धा पुरते." त्यांनी हंड्याचं नाव काढलं नाही. काढायची गरजच नव्हती.

पूजा तोंडावर आली होती. काकांनी मंडळाचं हंडं मागून आणलं, तेवढी मोठी चूल बांधली आणि तिथे गाडं अडलं. हंडं एवढं मोठं की जाळ बुडाला लागून बाजूने निसटून जायचा. काकांनी हंड्याभोवती पत्र्याचं कडं केलं, म्हणजे निसटणारी ऊब हंड्याच्या अंगाला घासून वर जाईल. कडं घट्ट केलं तर हवा कोंडायची आणि धूर उलटा फिरून चुलीच्या तोंडातून बाहेर यायचा. सैल केलं तर ऊब पळून जायची. पत्रा कापून कापून त्यांच्या बोटांना चिंध्या बांधायची वेळ आली. रोज सकाळी हंड्यात पाणी, रोज दुपारी शिव्या. मंडळाचे अध्यक्ष येऊन बघून जायचे. बिचारे भले गृहस्थ, पण घाबरट.

"काका, भात कच्चा ऱ्हायला तर चाकरमानी आमाला काय ठेवतील का? तीन चिरे मांडतो आपले, काय?"

काका पडवीत जाऊन बसले. समोर खेडची पेटी उघडी पडली होती. बराच वेळ ते तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी तिची एक पांढरी पट्टी उपसली, तशीच हातात घेऊन परड्यात आले आणि हंडं न् कडं यांच्यामध्ये आडवी धरून फिरवत गेले. एवढीच फट. सगळीकडे सारखी. खेडच्या भजनी मंडळाचा फोन आला की पेटी कधी मिळणार, तेव्हा त्यांनी खुशाल सांगितलं, "तुमची पट्टी चुलीच्या कामाला गेल्ये, जरा थांबा."

त्या फटीने काम केलं. हंड्यातलं पाणी उसळलं. काकांनी पट्टी पुसून खिशात ठेवली.

पूजेच्या दिवशी देवळामागे चूल मांडली होती आणि अध्यक्षांनी खबरदारी म्हणून शेजारी तीन चिरेही मांडून ठेवले होते. काकूंना पोरांनी फणसाखाली खुर्चीत बसवलं. काकांनी नवा सदरा घातला होता आणि खिशातून पांढरी पट्टी डोकावत होती. चाकरमानी मोबाइल काढून तयार. चूल पेटली, आणि मिनिटभरात काळा धूर असा भसाभसा बाहेर आला की पुढे उभे असलेले सगळे मागे पळाले.

कुणीतरी हसलं. मग बरेच जण हसले. "काका, रॉकेट सुटलं वाटतं!" काकांचा चेहरा पडला. ते पट्टी घेऊन फट तपासत फिरू लागले, फट बरोबर होती. मी काकूंकडे बघितलं. त्या खुर्चीतून उठल्या होत्या. मला वाटलं आता घरी जाणार. मला त्या क्षणी काकांचा, त्या चुलीचा आणि हसणाऱ्यांचा सगळ्यांचाच राग आला.

काकू घरी गेल्या नाहीत. नाकाला पदर लावून त्या सरळ चुलीकडे चालत आल्या. काका ओरडले, "अगो, मागे हो!" त्यांनी ऐकलं नाही. चुलीच्या तोंडाशी वाकून त्यांनी आत बघितलं. वाडीच्या पोरांनी हौसेने तोंड ठासून भरलं होतं. सार्वजनिक काम, देवाचं काम, त्यात लाकडाला कंजूषपणा कसा करायचा? पिढ्यानपिढ्या पूजेच्या चुलीत ओंडके कोंबायचे, तसे त्यांनी कोंबले होते. हवा आत जायला बोटभर जागा नव्हती.

"हे कुणी भरलंन्?" काकूंनी विचारलं. त्यांनी चिमटा घेतला आणि एकेक ओंडका ओढून बाहेर फेकला. खाली हवेची वाट मोकळी केली, वर चार बारीक काटक्या ठेवल्या. "श्वास घेऊ द्यात की तिला!"

आणि चूल बोलली. आधी हळू, मग तो भरघोस घुमणारा आवाज, देवळाच्या मागच्या भिंतीवर आपटून परत येणारा. धूर विरला. फणसाच्या पानांमधून स्वच्छ आकाश दिसायला लागलं. मागे पळालेले पुन्हा पुढे सरकले. काका जागच्या जागी उभे होते आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि त्याला धूर म्हणायची सोय राहिली नव्हती.

काकूंनी नाकावरचा पदर काढला. एक लांब श्वास घेतला, आत, बाहेर. मग आजूबाजूला बघून म्हणाल्या, "पाट कुठाय?"

पाट आणायला चार बायका एकदम धावल्या. काकू बसल्या आणि लगेच हुकूम सुरू झाले. तांदूळ आणा. मीठ कुणी चाखलंय? ए, ते चिरे हलव तिथनं, पायात येतात. अध्यक्षांनी स्वतः तिन्ही चिरे उचलून नेले. काकूंनी एक शीत चिमटीत दाबलं, दुसरं दाबलं, "उतरा" म्हणाल्या आणि भात उतरला. मोकळा, पांढरा, कुठे करप नाही. पंगतीत चाकरमानी भातावर भात मागत होते. काका वाढत फिरत होते आणि प्रत्येकाला पट्टी दाखवत होते, जेवणाऱ्याला ती बघायची असो वा नसो. मी तीनदा भात घेतला. मी सांगलीची भाकरी खाणारी बाई, पण त्या दिवशी मला तिथे सगळंच आपलं वाटत होतं.

पंगती उठल्यावर काकू शेवटी जेवल्या, हंड्यापुढच्या पाटावरच. काका पान घेऊन आले, त्यांना वाढलं आणि समोर उकिडवे बसून राहिले. कौतुकाची वाट बघत होते, हे लांबूनही कळत होतं. काकूंनी सावकाश चार घास खाल्ले.

"कशी आहे?" शेवटी काकांनीच विचारलं.

काकूंनी चुलीकडे बघितलं, वर उन्हाकडे बघितलं.

"पुढच्या वर्षी जरा फणसाखाली मांडा," त्या म्हणाल्या. "इथे मला ऊन लागतं."